बर्फाची पेटी आणि सहा तासांचं अर्धायुष्य: न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी शिकायची तर

हर्णैच्या बंदरावर लिलाव उरकला की माझा काका पेट्या भरायला घेतो. तळाला बर्फाचा चुरा, त्यावर सुरमई, वर परत बर्फ. माल दापोलीच्या बाजारात जायचा असेल तर हात आखडता, मुंबईला जायचा असेल तर निम्मी पेटी बर्फानेच भरते. "इथे किती घातला ते नको सांगू, तिकडे पेटी उघडल्यावर किती उरला ते सांग," एवढंच त्याचं गणित. मी मुंबईतल्या एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजिस्ट आहे आणि रोज सकाळी सातला मीही तेच गणित मांडतो. माझा बर्फ शिशाच्या डब्यात असतो आणि तो किती वेगाने वितळणार ते मला आधीच पक्कं ठाऊक असतं, इतकाच फरक.

गणपतीला गावी गेलो की आरती झाल्यावर कोणी ना कोणी आपल्या मुलाला किंवा मुलीला पुढे करतं. बारावी सायन्स झाली, नीटला गुण कमी पडले, आता पुढे काय? मी माझ्या कामाचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "म्हणजे जैतापूरच्या प्रकल्पात नोकरी का?" नाही. अणुवीज आणि अणुवैद्यक यांचं गोत्र एक असलं तरी घरं वेगळी आहेत. दरवर्षी ओसरीवर बसून जे सांगतो, तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी काम काय ते बघा

एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि माणसातून आरपार जातात. आमच्याकडे उलटं चालतं. किरणोत्सारी औषधाचं छोटंसं इंजेक्शन शिरेत दिलं जातं. ते औषध हाड, थायरॉईड, मूत्रपिंड, हृदय अशा ठरलेल्या जागी जाऊन बसतं, तिथून गॅमा किरण बाहेर पडतात आणि कॅमेरा ते टिपतो. त्यामुळे चित्रात अवयवाच्या आकारापेक्षा तो काम कसं करतोय ते जास्त कळतं.

आमचा दिवस हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं तयार करायच्या खोलीत, सुरू होतो. आधी खोलीची किरणोत्सार पातळी मोजायची. मग डोस कॅलिब्रेटर, म्हणजे औषधातला किरणोत्सार मोजणारं यंत्र, बरोबर दाखवतंय का ते सिझियम-१३७ च्या ठरावीक स्रोतावर तपासायचं. गॅमा कॅमेऱ्याची 'फ्लड' घ्यायची, म्हणजे पूर्ण स्फटिकावर सारखा किरणोत्सार पाडून चित्र एकसारखं येतं का ते पाहायचं. त्यानंतर जनरेटरमधून टेक्नेशियम काढायचं, हाच आमच्या बहुतेक इंजेक्शनांतला किरणोत्सारी पदार्थ. जनरेटरच्या आत मॉलिब्डेनम-९९ असतं, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, ६६ तास. ते क्षय पावताना टेक्नेशियम-९९एम तयार होतं, त्याचं अर्धायुष्य ६ तास. एका बाजूला सलाइनची बाटली, दुसऱ्या बाजूला शिशाच्या कवचातली निर्वात बाटली लावली की सलाइन आतून वाहत येताना टेक्नेशियम घेऊन येतं आणि मॉलिब्डेनम मागे राहतं. याला जगभर गाय दोहणं म्हणतात. आमच्याकडची म्हातारी मंडळी आजही "काऊ काढली का?" असंच विचारतात.

हे टेक्नेशियम वेगवेगळ्या किटमध्ये, म्हणजे तयार औषधी पावडरच्या बाटल्यांमध्ये, मिसळलं की ते वेगवेगळ्या अवयवांकडे जातं. एमडीपी हाडाकडे, डीटीपीए मूत्रपिंडाकडे, मिबी हृदयाच्या स्नायूकडे. मिसळल्यावर कागदी क्रोमॅटोग्राफीने शुद्धता तपासायची, प्रत्येक रुग्णासाठी डोस ओढायचा, मोजायचा, लेबल लावायचं. मग इंजेक्शन, मग कॅमेरा. पेट-सीटी हा दुसऱ्या प्रकारचा स्कॅनर असेल तिथे सायक्लोट्रॉनवरून, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ तयार करणाऱ्या यंत्रावरून, पहाटे फ्लोरिन-१८ चं एफडीजी, म्हणजे साखरेसारखं औषध, गाडीने येतं, त्याचं अर्धायुष्य ११० मिनिटं.

हे झालं यंत्रांचं. उरलेलं निम्मं काम माणसांचं आहे आणि ते कोणत्याच माहितीपत्रकात छापलेलं नसतं. एफडीजीच्या आधी किमान सहा तास उपाशी राहायचं असतं आणि रक्तातली साखर साधारण २०० च्या खाली लागते. रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळहून आलेले आजोबा शपथेवर सांगतात, काही खाल्लं नाही. मग हळूच कळतं की पनवेलला गाडी थांबली तेव्हा "नुसता चहा" झाला, तोही दोन चमचे साखरेचा. थायरॉईडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ द्यायचं असेल तर साधारण दोन आठवडे आयोडीन कमी असलेला आहार लागतो. म्हणजे आयोडीनचं मीठ बंद आणि समुद्रातलं सगळं बंद. मालवणच्या बाईला सुरमई, कोळंबी, सुकट, जवळा दोन आठवडे बंद असं सांगून ते मनापासून पाळायला लावणं हे कौशल्याचं काम आहे. "खंयसून इलास?" एवढं विचारलं की निम्मी भीती जाते, हा माझा अनुभव. तुमची बोली इथे उपयोगाची आहे, ती मुंबईला येताना घाटाखाली ठेवून येऊ नका.

हे वाचून कंटाळा आला असेल तर इथेच थांबलेलं बरं. मोजमाप, नोंदी, हात धुणं आणि परत मोजमाप असं हे काम आहे. ज्यांना स्वयंपाकघरात पीठ मापून घ्यायला आवडतं त्यांना ते आवडतं. अंदाजपंचे हात चालवणाऱ्याने दुसरीकडे जावं.

अकरावी-बारावीत काय सांभाळायचं

भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र लागतंच. सोबत जीवशास्त्र की गणित, याचा नियम ठिकाणागणिक बदलतो. आमच्याकडे डॉक्टर व्हायचं म्हणून जीवशास्त्र घ्यायचं आणि ओझं नको म्हणून गणित सोडायचं, अशी रीत आहे. जमत असेल तर चारही विषय ठेवा. जीवशास्त्र नसेल तर पुढे शरीररचना शिकता येते. घातांक आणि लॉगॅरिदमची भीती मनात बसली असेल तर मात्र पहिल्याच सत्रात पाय लटपटतात, कारण क्षयाचं सगळं गणित त्यांच्यावर उभं आहे. गणित सुटलंच असेल तर अकरावीच्या पुस्तकातले लॉगॅरिदम, घातांक आणि आलेख एवढंच एका मे महिन्यात करून टाका. आंबे उतरवून झाल्यावर दुपार मोकळीच असते.

इंग्रजीचंही आताच सांगतो. अभ्यासक्रम इंग्रजीत आहे, पण लागणारं इंग्रजी मोजकंच. मराठी माध्यमातून आलो म्हणून मी मागे पडलो नाही. पहिले सहा महिने रोज दहा शब्द वहीत लिहायचो, त्यावर निभावलं.

दोन वाटा

पहिली वाट बारावीनंतर थेट न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीची बी.एस्सी. मणिपालला हा अभ्यासक्रम बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि कोकणातल्या मुलांना मणिपाल वाटतं तितकं लांब नाही: रत्नागिरीहून मत्स्यगंधेत बसलं की ती उडुपीला उतरवते, तिथून मणिपाल हाकेच्या अंतरावर. या वाटेचा फायदा असा की अठरा-एकोणीसच्या वयातच हाताला सवय लागते. खासगी संस्थांची फी मात्र जड असते. शैक्षणिक कर्जासाठी विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज करता येतो, पण कर्ज घेण्याआधी घरी बसून हप्त्याचा हिशेब कागदावर मांडा.

दुसरी वाट लांबून जाते, पण मला तीच जास्त पटते. आपल्या जवळच्या कॉलेजात, रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, जिथे असेल तिथे, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन साधी बी.एस्सी. करा आणि मग पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जा. यात सर्वात आधी डोळ्यासमोर ठेवायचं ते परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर. भाभा अणुसंशोधन केंद्राचं हे केंद्र १९६३ पासून टाटा मेमोरियलच्या अॅनेक्स इमारतीत आहे. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली इथेच सुरू झालं. आजचे बरेच ज्येष्ठ टेक्नॉलॉजिस्ट इथलाच 'डीएमआरआयटी' डिप्लोमा केलेले आहेत. आता होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटतर्फे न्यूक्लिअर मेडिसिन आणि मॉलिक्युलर इमेजिंग टेक्नॉलॉजीची दोन वर्षांची एम.एस्सी. होते. दिल्लीचं एम्स आणि चंदीगडचं पीजीआय इथेही एम.एस्सी. आहे. जागा सगळीकडे थोड्या, त्यामुळे एकाच ठिकाणी अर्ज करून वाट बघत बसू नका. पात्रतेचे टक्के आणि वयाची अट त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, गेल्या वर्षी कोणाला काय लागलं होतं त्यावर विसंबू नका.

ही वाट मला का पटते? घरी राहून तीन वर्षं निघतात, खर्च कमी, आणि मधेच मन बदललं तर बी.एस्सी. हातात असतेच. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात, नीटचा राग डोक्यात असताना, असा निर्णय घेऊ नये असंही माझं मत आहे. एकवीस-बाविसाव्या वर्षी माणूस जरा शहाणा झालेला असतो.

एक गल्लत टाळा. 'रेडिऑलॉजी टेक्निशियन'चे सहा महिन्यांचे, वर्षाचे कोर्स गावोगाव फलकांवर दिसतात. एक्स-रे, सीटी, एमआरआय यांचं शिक्षण वेगळं, कर्करोगावर यंत्राने किरण देणाऱ्या रेडिओथेरपीचं वेगळं, आणि आमचं वेगळं. मेडिकल फिजिसिस्ट व्हायचं असेल तर त्याचीही वाट निराळी आहे. एका फलकावर चारही नावं एकत्र दिसली तर आत जायच्या आधी चौकशी करा.

कॉलेज पारखताना

इमारत बघू नका, हॉट लॅब बघा. मी पालकांना तीन प्रश्न लिहून देतो. संस्थेचा स्वतःचा गॅमा कॅमेरा किंवा पेट-सीटी आहे का, की विद्यार्थ्यांना "टाय-अप"वर दुसरीकडे पाठवतात? विभागाला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का? आणि शेवटच्या वर्षातली मुलं रोज स्वतःच्या हाताने किती डोस ओढतात? तिसरा प्रश्न ऑफिसात विचारू नका. कॅन्टीनमध्ये शेवटच्या वर्षाच्या मुलाला चहा पाजून विचारा. तो खरं सांगतो.

अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याला सगळे एईआरबी म्हणतात, १९८३ साली स्थापन झालं आणि त्याचं कार्यालय अणुशक्तीनगरला आहे. न्यूक्लिअर मेडिसिनच्या विभागात कोणाला काम करता येईल, त्याची पात्रता काय, हे या मंडळाच्या सुरक्षा संहितेत दिलेलं असतं. तुमच्या कॉलेजची पदवी त्या पात्रतेत बसते की नाही हे प्रवेशाआधी लेखी विचारा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने एका खासगी संस्थेत दोन वर्षं आणि बरेच पैसे घातले. नोकरीला गेल्यावर कळलं की तिचं प्रमाणपत्र या कामाला चालत नाही. ती आता सीटीवर आहे, काम चांगलं करते, पण ती दोन वर्षं तिला परत मिळाली नाहीत.

अभ्यास: आधी घड्याळ, मग बाकी सगळं

पाच विषय असतात: किरणोत्साराचं भौतिकशास्त्र, उपकरणं, रेडिओफार्मसी, शरीररचना आणि क्रियाशास्त्र, किरण सुरक्षा. त्यांना पाच वेगळ्या वह्या असतात, पण कामावर ते पाचही एकाच सिरिंजमध्ये येतात.

सुरुवात अर्धायुष्यापासून करा. सूत्र पाठ करायच्या आधी हात बसवा. सकाळी ७ वाजता १०० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) टेक्नेशियम आहे. दुपारी १ ला ५०, संध्याकाळी ७ ला २५, रात्री १ ला साडेबारा. हे सगळ्यांना जमतं. पुढचं जरा अवघड: साडेअकराच्या रुग्णाला हाडाच्या स्कॅनसाठी २० मिलिक्युरी द्यायचे आहेत, तर सकाळी ८ ला किती बाजूला काढायचे? मधले तास साडेतीन. साडेतीन भागिले सहा म्हणजे ०.५८३. अर्ध्याचा तेवढा घात काढला की ०.६६७ येतो, म्हणजे दोन तृतीयांश. साडेतीन तासांत टेक्नेशियम दोन तृतीयांश उरतं, म्हणून वीसला तीस काढायचे. काकाची पेटीच ही. अशी रोज दहा गणितं, कॅल्क्युलेटर घेऊन, तीन महिने करा. नंतर ती उत्तरं डोक्यात आपोआप येतात, आणि कोणी चुकीचा आकडा सांगितला तर कानाला खटकतो. हा खटका लागणं म्हणजेच शिक्षण.

एफडीजीचं गणित तर कोकणाच्या नकाशावरच मांडता येतं. नवी मुंबईहून गाडी निघाली, मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूणला साडेपाच तास लागले असं धरा. म्हणजे ३३० मिनिटं, म्हणजे बरोबर तीन अर्धायुष्यं. चिपळूणच्या एका रुग्णाला १० मिलिक्युरी हवे असतील तर निघताना ८० भरावे लागतील. वडखळला वाहतूक अडली आणि आणखी ११० मिनिटं गेली तर १६०. पेट-सीटी यंत्रं सायक्लोट्रॉनच्या आसपास का गोळा होतात, हे या एका उदाहरणावरून कळतं. महामार्गावर खड्डा दिसला की मला आजही अर्धायुष्य आठवतं, पण ते असो.

रसायनाकडे वळताना टेक्नेशियमच्या स्वभावापासून सुरुवात करा. जनरेटरमधून ते परटेक्नेटेटच्या रूपात येतं, त्याची ऑक्सिडेशन अवस्था +७. या रूपात ते एमडीपीला चिकटत नाही. किटमधलं स्टॅनस क्लोराइड, म्हणजे कथिलाचं संयुग, त्याला खालच्या अवस्थेत आणतं, मग ते चिकटतं. बाटलीत हवा शिरली की कथील आधीच खर्ची पडतं, टेक्नेशियम मोकळं राहतं, आणि हाडाच्या स्कॅनमध्ये थायरॉईड आणि जठर उजळतं. म्हणून किटमध्ये सलाइन टाकताना हवेचा बुडबुडा जाऊ द्यायचा नाही. 'का' कळलं की 'कसं' विसरायला होत नाही, आणि तोंडी परीक्षेत परीक्षक हाच प्रश्न फिरवून फिरवून विचारतात.

मॉलिब्डेनम ब्रेकथ्रूची चाचणी पहिल्या वर्षीच शिकून घ्या. दोहताना मॉलिब्डेनम बाटलीत उतरलं तर रुग्णाला विनाकारण डोस बसतो. टेक्नेशियमचे किरण १४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, शिशाच्या जाड डब्यात ते अडतात. मॉलिब्डेनमचे किरण ७४० च्या आसपासचे, ते डब्यातून बाहेर येतात. म्हणून बाटली शिशात ठेवून कॅलिब्रेटरने मोजली की जे दिसतं ते मॉलिब्डेनम. रुग्णाला देण्याच्या वेळी १ मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरीपेक्षा जास्त मॉलिब्डेनम चालत नाही.

उपकरणांसाठी कॉलिमेटर, सोडियम आयोडाइडचा स्फटिक, फोटोमल्टिप्लायर नळ्या या क्रमाने एक गॅमा किरण कुठून कुठे जातो ते चित्र काढून शिका. शरीररचनेसाठी वेगळं पुस्तक घेऊन बसण्यापेक्षा रोज एक जुना स्कॅन घ्या आणि त्यावरचा प्रत्येक उजळ ठिपका ओळखा. मूत्राशय दिसतंच, ते अपेक्षितच आहे. मनगटाजवळचा ठिपका? बहुतेक वेळा तिथेच इंजेक्शन दिलेलं असतं आणि थोडं बाहेर झिरपलेलं असतं.

इंटर्नशिप

मी इंटर्न असताना केलेली चूक सांगतो. साडेसातला डोस ओढला, लेबलवर लिहिलं "२५ मिलिक्युरी". वेळ लिहिली नाही. रुग्ण मंडणगडचे, रात्रीच्या एसटीने आलेले. आधीचे रुग्ण लांबत गेले आणि त्यांचा नंबर अडीचला लागला. सिनियरने सिरिंज परत मोजली: ११. सात तासांत २५ चे ११ झाले होते आणि लागणार होते १८. किट संपलं होतं. ते दुसऱ्या दिवशी परत आले, एक रात्र नातेवाइकांकडे वांद्र्याला काढून. मला कोणी ओरडलं नाही. सिनियरने फक्त लेबलवरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. तेव्हापासून आकड्याआधी मी वेळ लिहितो.

इंटर्नशिपमध्ये स्वतःची वही ठेवा. तपासणी, औषध, डोस, वेळ, रुग्णाची तयारी, काय बिघडलं. 'काय बिघडलं' या रकान्यातूनच पुढे मुलाखतीत बोलायला मिळतं.

अंगावर पडलेला डोस मोजणारा टीएलडी बॅज छातीवर लावायचा, दर तीन महिन्यांनी तो बदलला जातो. बोटांसाठी वेगळी अंगठी मिळते, कारण डोस ओढताना सर्वात जास्त मार हातालाच बसतो. बॅज ड्रॉवरमध्ये विसरून घरी जाणं किंवा काउंटरवर ठेवून काम करणं, दोन्ही सारखेच मूर्खपणाचे. नवी मुलं आल्या आल्या शिशाचा एप्रन मागतात. टेक्नेशियमसाठी त्याचा काही उपयोग होतो, पण एफडीजीच्या ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांना अर्ध्या मिलिमीटरचं शिसं जवळजवळ अडवतच नाही. तिथे अंतर, वेळ आणि सिरिंज शील्ड हेच खरं संरक्षण. एक मीटरवरून दोन मीटरवर सरकलात की डोस चौथा हिस्सा होतो. रुग्णाला सूचना इंजेक्शनच्या आधी द्या, नंतर शेजारी उभं राहून नाही. ही एक सवय वर्षाचा डोस किती कमी करते ते तुम्ही स्वतः तुमच्या बॅजच्या आकड्यात बघाल.

काही सांडलं तर आधी सगळ्यांना सांगा, मग माणसं लांब करा, टिपकागद टाका आणि बाहेरून आत पुसत या. आतून बाहेर पुसलं तर डाग पसरतो. शेवटी कंटॅमिनेशन मॉनिटर फिरवा. सर्वात जास्त सांडतं ते औषध नाही, रुग्णाची लघवी. हे पहिल्या दिवशी ऐकायला बरं वाटत नाही, पण या कामात नाक मुरडून चालत नाही.

आयोडीन-१३१ आणि ल्युटेशियम-१७७ हे उपचारासाठी वापरतात आणि ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतात. आयोडीनचा मोठा डोस घेतलेला रुग्ण वेगळ्या खोलीत राहतो, अंगातलं प्रमाण ३० मिलिक्युरीच्या खाली आल्यावर घरी जातो. त्याचं सांडपाणीही थेट गटारात जात नाही, साठवण टाकीत थांबतं. जिथे उपचाराचे वॉर्ड आहेत अशा ठिकाणी निदान दोन महिने तरी काढा. स्कॅनचं काम पुष्कळ ठिकाणी शिकता येतं, हे नाही.

घरच्यांना काय सांगायचं

आईचा पहिला प्रश्न: मुलं होतील ना? मुलगी असेल तर हा प्रश्न सगळ्यांसमोर विचारला जातो, मुलगा असेल तर चुलीपाशी. सरळ आकडे सांगा. आपल्या देशात किरणोत्सारात काम करणाऱ्यासाठी मर्यादा आहे पाच वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (अंगाला बसलेल्या डोसचं माप), आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. जगातल्या माणसाला जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून नैसर्गिकपणे मिळणारी सरासरी वर्षाला साधारण २.४. नीट काम करणाऱ्याचा बॅज त्या मर्यादेच्या खूप खाली राहतो. गरोदरपण कळवल्यावर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त जाऊ नये अशी कामाची मांडणी बदलतात. माझ्या दोन सहकारी या काळात हॉट लॅबऐवजी चित्रांच्या प्रक्रियेवर बसायच्या, नंतर परत आल्या. लपवून काम करू नका, एवढंच मुलींना आवर्जून सांगतो. अठरा वर्षांखालच्या कोणालाही या कामावर ठेवता येत नाही, हेही घरी सांगा. पुष्कळांना त्यानेच धीर येतो.

नोकरी, आणि परत यायचं असेल तर

पदवीनंतर वर्षभर अनुभव घेऊन आरएसओची, म्हणजे रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची तयारी करा. एईआरबीच्या नियमांप्रमाणे प्रत्येक विभागाला मान्यताप्राप्त आरएसओ लागतो. दोन उमेदवारांत ज्याच्याकडे ही पात्रता आहे त्याला रुग्णालय आधी बोलावतं, लहान शहरात तर नक्कीच. परवाने, स्रोतांची खरेदी, बॅजच्या नोंदी हे सगळं एईआरबीच्या 'ई-लोरा' पोर्टलवर चालतं, ते हाताळायला शिकून घ्या. २०२१ साली सहवैद्यकीय व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आहे आणि आपला व्यवसाय त्यात येतो, तेव्हा नोंदणीची कागदपत्रं सुरुवातीपासून एका फाइलमध्ये ठेवा. गुणपत्रिका, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र आणि बॅजचा डोस अहवाल या तिन्ही गोष्टी नंतर मिळवायला फार चपला झिजतात.

आता ओसरीवरचा शेवटचा प्रश्न: शिकून परत कोकणात येता येईल का? एफडीजीचं गणित वर मांडलंच आहे, ते लांबच्या गावाला महागात पडतं. टेक्नेशियमचं तसं नाही. जनरेटर म्हणजे नुसता बर्फ नाही, बर्फाचा कारखानाच. त्याचं अर्धायुष्य ६६ तास, म्हणजे आठवडाअखेरीस जेमतेम सहावा भाग उरतो, पण तोवर रोज सकाळी दोहता येतो. नवी मुंबईत वाशीला किरणोत्सारी औषधं पुरवणाऱ्या 'ब्रिट' या सरकारी संस्थेचं केंद्र आहे, तिथून माल रात्रीत कोकणात उतरू शकतो. म्हणून ज्याला गावाकडे काम करायचं आहे त्याने पेटच्या झगमगाटात जनरेटर आणि गॅमा कॅमेऱ्याकडे दुर्लक्ष करू नये. एकट्याच्या जबाबदारीवर दोहणं, ब्रेकथ्रू तपासणं, किट बांधणं, फ्लड बिघडली तर इंजिनिअर येईपर्यंत काय करायचं ते ठरवणं, हे सगळं मुंबईत असतानाच शिकून घ्यावं. गावात सल्ला विचारायला शेजारच्या खोलीत कोणी नसेल.

यंदा काकाला हे सगळं सांगत होतो. पेटीवर गोणपाट बांधता बांधता त्याने एकच विचारलं, "कारखाना येतो कुठल्या वारी?" सोमवारी पहाटे आला तर आठवडा नीट निघतो, म्हटलं. "मग रविवारी रात्री गाडी धरायला माणूस लागेल," तो म्हणाला आणि दुसऱ्या पेटीकडे वळला.